क्वान्टॉकच्या टेकड्यांतील एक शिशिर

इ. स. १७९८ च्या जानेवारी महिन्याच्या २० तारखेस, इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांतील सॉमरसेट परगण्यांत, भाड्याच्या एका मोठ्या घरांत राहणाऱ्या सव्वीस वर्षांच्या स्त्रीनें एक वही उघडली आणि बाहेर काय दिसलें तें लिहून ठेवलें. टेकड्यांच्या उतारांवरच्या हिरव्या पायवाटांचे ओहोळ झाले होते; गव्हाच्या कोवळ्या शेतांत सरींमधून पाण्याच्या रुपेरी रेघा वाहत होत्या; मेंढ्या उतारावर एकत्र जमल्या होत्या; ओल्या, अंधाऱ्या दिवसांनंतर ऊन पडल्यामुळें सारा प्रदेश माणसांनीं भरल्यासारखा वाटत होता. वहीच्या या पहिल्या पानावर लिहिणारीनें स्वतःविषयीं एक अक्षरही लिहिलेलें नाहीं. प्रकृति कशी आहे, मन कसें आहे, पुढें काय करावयाचें आहे, यांपैकीं कांहीं नाहीं. जें दिसलें तेवढेंच आहे.

ही स्त्री म्हणजे डोरोथी वर्ड्स्वर्थ, विल्यम वर्ड्स्वर्थ या कवीची बहीण. तिच्या या वहींत जानेवारीपासून मेच्या मध्यापर्यंतचीं, म्हणजे सुमारें चार महिन्यांचीं टिपणें आहेत. हे चार महिने इंग्रजी काव्याच्या इतिहासांत फार मोठे मानले जातात, कारण त्याच वर्षीं शरदांत ‘लिरिकल बॅलड्स’ नांवाचें एक लहानसें, निनांवी पुस्तक निघालें, आणि तेथून पुढें इंग्रजी कविता दुसऱ्या वाटेनें चालूं लागली असें म्हणण्याची वहिवाट आहे. ही वहिवाट चुकीची नाहीं. पण या पुस्तकाची हकीकत सांगतांना दोन कवींचें तत्त्वज्ञान, त्यांची भाषाविषयक मतें, फ्रेंच राज्यक्रांतीनें त्यांच्या मनांत उठविलेलें वादळ यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें, आणि एक साधी गोष्ट मागें पडते. तीं माणसें तीन होतीं, तीं जवळजवळ रोज पायीं हिंडत होतीं, आणि तीं ज्या ऋतूंत हिंडत होतीं तो ऋतु फारसा कोणी फिरावयास निवडीत नाहीं.

तिघेंही तेथें आलीं तीं थोडीं योगायोगानें. वर्ड्स्वर्थ भावंडांची आई १७७८ सालीं वारली. सहा वर्षांच्या डोरोथीला दूर हॅलिफॅक्स येथें नातलगांकडे पाठविण्यांत आलें. वडील १७८३ च्या डिसेंबरांत गेले. भाऊबहिणींची पुन्हां नीट गांठ पडावयास १७८७ साल उजाडावें लागलें, आणि दोघांना एका छपराखालीं घर करावयास मिळालें तें १७९५ च्या सप्टेंबरांत, डॉर्सेटमधील रेसडाउन येथें. त्यालाही कारण झाला तो एका तरुण मित्राचा मृत्यु. रेझ्ली कॅल्व्हर्ट यानें मरतांना विल्यमच्या नांवें ९०० पौंड ठेविले होते. इकडे सॅम्युएल टेलर कोलरिज १७९६ च्या डिसेंबरअखेरीस बायको व तान्हें मूल घेऊन सॉमरसेटमधील नेदर स्टोवी या खेड्यांत एका लहानशा, उंदरांनीं गजबजलेल्या घरांत राहावयास आला. त्याला तेथें ओढून आणणारा गृहस्थ टॉमस पूल. हा कातडीं कमावण्याचा धंदा करणारा, पुस्तकांचा शोकी आणि मनानें मोठा उदार असा माणूस होता. १७९७ च्या जूनमध्यें कोलरिज चालत रेसडाउनला गेला. घर दिसतांच त्यानें रस्ता सोडला, फाटकावरून उडी मारली आणि शेत तुडवीत धांवत आला, ही आठवण भावंडांना म्हातारपणींही ताजी होती. महिन्याभरांत दोघें भावंडें त्याच्या मागोमाग सॉमरसेटला आलीं आणि पूलच्या खटपटीनें त्यांना आल्फॉक्स्डन हें हरणांच्या कुरणासहित एक भलेंमोठें घर वर्षाला अवघ्या २३ पौंडांत मिळालें. नेदर स्टोवी तेथून दीड-दोन कोसांवर. मध्यें क्वान्टॉकच्या टेकड्या. आमच्या डोंगरांच्या मानानें त्या लहानच. सर्वांत उंच माथा १,२६१ फूट, म्हणजे सिंहगडापुढें त्यांना कोणी डोंगर म्हणणार नाहीं. पण माथ्यावर गेलें कीं ब्रिस्टलची खाडी दिसते, खाडीपलीकडे वेल्सचे डोंगर दिसतात, आणि खालीं ओकचीं रानें दऱ्यांतून समुद्राकडे उतरत जातात.

आज मित्रांबरोबर चार मैल चालत जाण्यांत कोणाला कांहीं विशेष वाटणार नाहीं. त्या काळीं तसें नव्हतें. अठराव्या शतकांतल्या इंग्लंडांत पायीं चालत तो मजूर, फेरीवाला, रजेवर आलेला शिपाई किंवा भिकारी. कार्ल फिलिप मोरित्झ नांवाचा एक जर्मन शिक्षक १७८२ सालीं इंग्लंडांत पायीं हिंडला. खाणावळवाल्यांनीं त्याला कसें दाराबाहेर ठेविलें, आंत घेतलें तर कसें स्वयंपाकघरांत बसविलें, हें त्यानें पुढें आपल्या प्रवासवर्णनांत लिहिलें आहे. पुरुषाची ही कथा, तर स्त्रीची काय असेल? १७९४ च्या वसंतांत डोरोथी भावाबरोबर केंडलपासून केसिकपर्यंत सरोवरांच्या मुलुखांतून चालत गेली, तेव्हां तिच्या मामीनें तिला पत्रानें चांगलेंच फैलावर घेतलें. तरुण मुलीनें असें रानोमाळ पायीं भटकावें हें काय! डोरोथीनें दिलेलें उत्तर अदबीचें आहे, पण त्यांत माघार नाहीं. निसर्गानें मला जी शक्ति दिली ती वापरण्याचें धैर्य मी दाखविलें, याचा माझ्या आप्तांस आनंद व्हावयास हवा होता, असें ती म्हणते. आणि पुढें व्यवहारी मुद्दा मांडते, कीं गाडी केली असती तर जो खर्च झाला असता त्यांतले निदान तीस शिलिंग वांचले. तत्त्व आणि काटकसर एका वाक्यांत बसविण्याची ही हातोटी पाहून आम्हांस ती बाई फार जवळची वाटली.

आल्फॉक्स्डनला आल्यावर तर या चालण्याचा प्रकार मामीच्या पत्रावर थांबला नाहीं, तो थेट गृहखात्यापर्यंत पोहोंचला. १७९७ च्या फेब्रुवारींत कांहीं फ्रेंच शिपाई वेल्सच्या किनाऱ्यावर फिशगार्डजवळ उतरले होते. दोन दिवसांत ते शरण आले, पण सगळ्या पश्चिम किनाऱ्याची झोंप उडाली होती. अशा वेळीं समुद्राजवळ एका मोठ्या घरांत कोणी अनोळखी लोक येऊन राहतात, उत्तरेकडच्या बोलीनें बोलतात, दिवसा हिंडतात, रात्रींही हिंडतात, घडीच्या खुर्च्या आणि कागदांच्या वह्या बरोबर नेतात, आणि ओढ्यांतून समुद्रापर्यंत नाव जाते काय असें विचारतात! त्यांतच जुलैमध्यें जॉन थेलवॉल हा राजद्रोहाच्या खटल्यांतून सुटलेला प्रसिद्ध वक्ता त्यांच्याकडे येऊन राहून गेला. नोकरांच्या तोंडून बातमी बाथ येथील एका डॉक्टरच्या कानीं गेली, त्यानें मंत्र्याला पत्रें लिहिलीं आणि ऑगस्टांत वॉल्श नांवाचा हेर नेदर स्टोवीच्या खाणावळींत येऊन उतरला. त्याच्या चौकशींतून निष्पन्न झालें तें एवढेंच, कीं हे फ्रेंच नसून सरकारवर नाराज असलेले इंग्रज आहेत. ओढ्याच्या चौकशीचा उलगडा तर फारच निरुपद्रवी होता. कोलरिजला एका ओढ्यावर, उगमापासून मुखापर्यंत, एक दीर्घ काव्य लिहावयाचें होतें आणि त्यासाठीं तो टिपणें घेत हिंडत होता. तें काव्य त्यानें कधींच लिहिलें नाहीं. त्याच्या अनेक संकल्पांची हीच गति झाली. पुढें १८१७ सालीं त्यानें आत्मचरित्रवजा ग्रंथांत हा प्रसंग विनोदानें रंगविला. समुद्रकांठच्या बांधामागें लपलेल्या हेराला दोघे मित्र स्पिनोझा या तत्त्ववेत्त्याविषयीं बोलतांना ऐकूं आले आणि ‘स्पाय नोझी’ म्हणजे आपणच, असें समजून तो दचकला, असें तो सांगतो. गोष्ट गमतीची आहे. ती कितपत खरी मानावी हें ज्यानें त्यानें ठरवावें.

पण या हेरप्रकरणांतला एक तपशील गमतीचा नाहीं. बाथच्या डॉक्टरनें पाठविलेल्या पत्रांत घरमालकाविषयीं म्हटलें आहे कीं, त्याच्याजवळ बायको नाहीं, एक बाई मात्र आहे आणि ती आपण त्याची बहीण असल्याचें सांगते. आईबापांवेगळ्या बहिणीनें भावाचें घर सांभाळावें आणि त्याच्याबरोबर चांदण्यांत फिरावें, यांत राजद्रोह आणि अनीति दोन्हींचा वास शेजाऱ्यांस आला. परिणाम असा झाला कीं, घराच्या मालकांनीं पुढील वर्षाचा करार नाकारला. १७९८ च्या उन्हाळ्याच्या मध्यावर घर सोडावें लागणार हें भावंडांस त्या हिंवाळ्यापूर्वींच कळून चुकलें होतें. म्हणजे वही उघडली तेव्हां डोरोथीला ठाऊक होतें कीं, या टेकड्यांवरचा हा शिशिर आपल्याला एकदांच मिळणार आहे. वहींत याचा कोठेंही उच्चार नाहीं. तरी ती वाचतांना आम्हांस ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

येथें ऋतूविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आमच्याकडे माघ-फाल्गुन म्हणजे आंब्याला मोहर, उघड्या रानांत पळस-पांगाऱ्याचा आणि काटेसावरीचा लाल भडका, आणि मागून येणाऱ्या उन्हाची चाहूल. आमचा वसंत उष्णतेकडे जातो. म्हणून आमच्या कवींना तो बहुधा मादक वाटतो, आणि क्षणभर टिकणारा वाटतो. इंग्लंडचा वसंत चिखलांतून येतो. जानेवारींत तेथें पांचाच्या आंत सूर्य मावळतो. पानें गळून गेलेलीं असतात. जमीन भिजून जड झालेली असते. फेब्रुवारींत एखादा दिवस असा उबदार निघतो कीं सर्व संपलें असें वाटावें, आणि आठवड्यानें हिम पडतें. वसंत येतो म्हणजे तो दोन पावलें पुढें आणि दीड पाऊल मागें असा येतो. डोरोथीच्या वहींत हा सर्व हिशेब आहे. फेब्रुवारीच्या मध्यास जमिनीवर जाड हिम आहे. मार्चच्या चोविसाव्या तारखेस ती लिहिते कीं वसंत फार सावकाश येत आहे, झाडें हिरवीं नाहींत, कुंपणांना पालवी नाहीं. एप्रिलच्या सहाव्या तारखेसही तक्रार तीच, फक्त चेस्टनटच्या कळ्या फुगूं लागल्या आहेत. आणि मग एकाएकीं दोन-तीन दिवसांत बागेंतले लार्च वृक्ष काळ्याचे हिरवे होतात. कालिदासाच्या ऋतुसंहारांत शिशिर आणि वसंत हे सर्ग आहेत. ते कोणत्याही वर्षाचे आहेत आणि म्हणूनच सर्व वर्षांचे आहेत. येथें मात्र ऋतूला तारीख आहे. ही तारीख घालण्याची वृत्ति काव्यांत नवी होती, आणि ती प्रथम एका बहिणीच्या घरगुती वहींत दिसते.

दिवस लहान असल्यामुळें या मंडळींचें बरेंच चालणें अंधारांत होई. जेवण आटोपून किंवा चहा घेऊन निघावें, स्टोवीला पूलकडे नाहीं तर कोलरिजकडे बसावें, आणि रात्रीं परत यावें. किंवा कोलरिज इकडे आला तर त्याला पोंचवावयास अर्ध्या वाटेपर्यंत जावें. पोंचविण्याचा हा प्रकार मोठा मौजेचा आहे. वही चाळतांना असें वाटतें कीं, या मंडळींचीं निम्मीं संभाषणें निरोप घेण्यांतच झालीं असावींत. त्यामुळें वहींत चंद्र फार. ता. २५ जानेवारीची नोंद पहा. पूलकडून येतांना सगळें आकाश एका सलग ढगानें झांकलेलें आहे. चंद्राच्या उजेडानें तो ढग पांढुरका दिसतो, पण जमिनीवर सावल्या पडाव्यात इतकी त्या उजेडाला धार नाहीं. एकदम ढग दुभंगतो. काळ्यानिळ्या घुमटाच्या मध्यावर चंद्र दिसतो, त्याच्यामागून असंख्य बारीक, तीक्ष्ण तारे लोटतात, आणि पुन्हां सारें मिटतें. याच प्रसंगावर विल्यमची एक निर्यमक कविता आहे. ती १८१५ सालीं छापली गेली. स्टोवी आणि आल्फॉक्स्डन यांमधील रस्त्यावर ती आपण चालतां चालतां रचली, असें त्यानें म्हातारपणीं, १८४३ सालीं आपल्या कवितांविषयीं टिपणें सांगतांना म्हटलें. दोन्ही लेख शेजारीं ठेवून वाचले म्हणजे मेघ, चंद्र, घुमट, तारे हा क्रम तोच आढळतो. पुष्कळसे शब्दही तेच आढळतात. कवितेंत भर पडली आहे ती एका पांथस्थाची. तो खालीं मान घालून चाललेला आहे आणि उजेडानें चमकून वर पाहतो. हा पांथस्थ एकटा आहे.

ता. ७ मार्चच्या नोंदींत एक पान आहे. झाडाच्या शेंड्यावर उरलेलें एकुलतें एक पान वाऱ्यानें चिंधीसारखें गरगर फिरत आहे. तेंच पान कोलरिजच्या ‘क्रिस्टाबेल’ या काव्यांत, मध्यरात्रीच्या भयाण रानांत, लाल होऊन येतें. ता. १८ मार्चला कोलरिज दंपती परत निघालें तेव्हां त्यांना पोंचवून येतांना भावंडांवर गारांचा मारा झाला. दोघें हॉलीच्या झाडांखालीं उभीं राहिलीं. हें झाड सदाहरित आणि कांटेरी. त्याखालीं वारा लागत नाहीं, तरी गारांच्या तडाख्यानें जमिनीवरचीं वाळलेलीं पानें नाचूं लागलीं. त्यावरही विल्यमची कविता आहे. दुसऱ्याच दिवशीं माथ्यावर पुन्हां गारा, आणि खुरटलेल्या एका कांटेरी झाडावर कांहीं ओळी. त्यांतून पुढें एका परित्यक्त स्त्रीचें लांबलचक काव्य उभें राहिलें. या झाडाजवळून आपण निरभ्र दिवशीं कितीदां तरी गेलों होतों पण तें कधीं दिसलें नव्हतें, तें वादळांत दिसलें, असें विल्यमनें नंतर सांगितलें आहे. आमच्या मतें या एका वाक्यांत सगळ्या हिंवाळी भटकंतीचें समर्थन आहे. आणि ता. २३ मार्चला कोलरिज जेवावयास आला तो आपलें पुरें झालेलें दीर्घ आख्यानगीत घेऊन. नोव्हेंबरांत तिघें समुद्रकिनाऱ्यानें हिंडावयास निघालीं होतीं. खर्चाला पांच पौंड हवेत, ते एखाद्या मासिकाला कविता विकून मिळवूं, या हिशेबानें दोघांनीं वाटेंत जी गोष्ट जुळवावयास घेतली, तीच ही म्हाताऱ्या खलाशाची गोष्ट. पक्षी मारल्याची कल्पना वर्ड्स्वर्थची; काव्य सर्वस्वी कोलरिजचें. त्या रात्रीं मंडळी त्याला पोंचवावयास गेलीं. आकाश ताऱ्यांनीं भरलें होतें आणि चंद्रकोर होती, एवढेंच डोरोथी नोंदवते. इंग्रजी भाषेंतील एका अमर काव्याच्या जन्मदिवसाचा समारंभ हा असा अर्ध्या ओळीचा आहे.

दोघा कवींची चालण्याची तऱ्हा निराळी होती. हॅझ्लिट नांवाचा वीस वर्षांचा तरुण त्या वर्षीं वसंत सरतां सरतां त्यांना भेटावयास आला. पुढें १८२३ सालीं त्यानें त्या भेटीवर एक अप्रतिम निबंध लिहिला. कोलरिजला खांचखळग्यांवरून किंवा झुडपांच्या फांद्या बाजूला सारीत जातांना कविता सुचे. वर्ड्स्वर्थला सरळ खडीची वाट लागे, तिच्यावर तो येरझाऱ्या घाली. कोलरिज रस्त्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सारखा सरकत चाले, हेंही हॅझ्लिटनें टिपलें आहे. तिसरी जी चालणारी होती तिच्या चालण्याची तऱ्हा मात्र त्यानें लिहून ठेविली नाहीं.

आतां एक वादाचा प्रश्न. या कवितांतलें पाहणें कोणाचें? डोरोथीच्या वहीचे पक्षपाती म्हणतात कीं भावानें बहिणीचा माल उचलला. दुसरा पक्ष म्हणतो कीं, वही हा कच्चा माल, कविता ही कविता. आम्हांस दोन्ही मतें अर्धवट वाटतात. तीन माणसें एका वाटेनें चाललेलीं असतात; एक जण थांबून बोट दाखवितो, दुसरा त्याला नांव देतो, तिसरा घरीं जाऊन लिहितो; आणि उद्यां त्यांच्या जागा बदललेल्या असतात. शेंड्यावरचें तें पान प्रथम ज्याच्या डोळ्यांत भरलें त्याचें, असा निवाडा करूं गेलें तर न्यायाधीशाला त्या दिवशींच्या वाऱ्याला साक्षीस बोलवावें लागेल. बहिणीनें आपल्याला पाहावयास शिकविलें अशी कबुली विल्यमनें कवितेंतून दिलेली आहे. तेव्हां तो कृतघ्न नव्हता. पण तिघांचें पाहणें छापखान्यांत जातांना एकाचें झालें, ही गोष्ट उरतेच, आणि ती पुढें वाढतच गेली. ज्या एका कवितेनें वर्ड्स्वर्थ आमच्या शाळांतून घराघरांत पोंचला ती डॅफोडिल फुलांची कविता घ्या. अल्झवॉटर सरोवराच्या कांठीं तीं फुलें १८०२ च्या १५ एप्रिलला पाहिलीं तीं भाऊ आणि बहीण दोघांनीं मिळून. बहिणीनें तीं त्याच वेळीं आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलीं. दोन वर्षांनीं झालेल्या कवितेंत फिरणारा एकटा आहे. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें. तेव्हांपासून आमच्या पिढ्यान् पिढ्यांनीं हा कवि परीक्षेसाठीं वाचला, केशवसुतांच्या काळीं तर नव्या कवितेची दीक्षा बरीचशी इंग्रजी काव्यांतूनच मिळाली, आणि निसर्गकवि म्हणजे जगाला कंटाळून एकटा रानांत जाणारा पुरुष अशी मूर्ति आमच्या मनांत बसली. मूळ हकीकत अशी नव्हती. आम्हां मराठी माणसांस तरी हें कळावयास कठीण जाऊं नये. घोळक्यानें पायीं चालावें आणि चालतां चालतां शब्द जन्मास यावेत, हें वारीच्या देशांत नवीन नाहीं. भेद एवढाच कीं आमच्या चालण्याला पंढरी आहे. क्वान्टॉकवरच्या या मंडळींना कोठें जावयाचेंच नव्हतें.

त्यांच्या चालण्यांत नसलेलीं माणसेंही आठवलीं पाहिजेत. कोलरिजची बायको सेरा बहुधा घरींच असे. हार्टली दीड वर्षांचा, दुसरें मूल पोटांत. तें १४ मे १७९८ ला जन्मलें. दोन कोसांचा चिखल तुडवून चंद्र पाहावयास जाण्याची सवड तिला कोठून मिळणार? आदल्या जुलैमध्यें तिच्या हातून कढत दूध कोलरिजच्या पायावर सांडलें आणि चार्ल्स लॅम्ब व वर्ड्स्वर्थ भावंडें फिरावयास गेलीं असतां त्याला पूलच्या बागेंत लिंडनच्या झाडाखालीं बसून राहावें लागलें. न गेलेल्या त्या फेरफटक्याची त्यानें जी कविता केली ती आमच्या मतें त्याच्या उत्तम कवितांपैकीं एक आहे. एक दिवस घरीं अडकलेल्या पुरुषाला कविता झाली. रोज अडकलेल्या स्त्रीची हकीकत कोणी लिहिली नाहीं.

वहींत राजकारण नाहीं, हेंही नवलच. फ्रान्सशीं युद्ध १७९३ पासून चाललें होतें. त्या वसंतांत फ्रेंच सैन्य स्वित्झर्लंडांत शिरलें आणि कोलरिजचा फ्रान्सवरचा उरलासुरला विश्वास उडाला. एप्रिलमध्यें तर इंग्लंडवर स्वारी येणार म्हणून जिकडेतिकडे घबराट होती आणि त्या घबराटीवर त्यानें याच टेकड्यांत एक दीर्घ कविता लिहिली. डोरोथीच्या पानांवर त्याच दिवसांत स्लोच्या झाडाला फूल आलें आहे. तिला बाहेरचें जग ठाऊक नव्हतें असें मुळींच नाहीं. हेराची हकीकत तिच्याच घरीं घडली होती. पण गरिबी मात्र तिच्या वहींत आडवाटेनें येते. सरपणासाठीं रानांत काटक्या गोळा केल्याच्या नोंदी तींत आहेत. त्याच मार्चच्या सुमारास विल्यमनें एका थंडीनें काकडणाऱ्या म्हातारीची कविता लिहिली. ती शेजाऱ्याच्या कुंपणांतल्या काटक्या चोरते आणि पकडली जाते. गोष्टीचें बीज एका वैद्यकीय ग्रंथांतलें; पण सरपणाची किंमत भावंडांना पुस्तकांतून शिकावी लागली नव्हती.

एप्रिलच्या १५ तारखेस तीं क्रोकमजवळील एका जमीनदाराची बाग पाहावयास गेलीं. तेथें त्या काळच्या फॅशनप्रमाणें मुद्दाम बांधलेले भग्नावशेष होते, खोट्या पर्णकुट्या होत्या. डोरोथी लिहिते कीं, कलेनें जें विद्रूप केलें तें सुंदर करण्याचा निसर्गाचा प्रयत्न तेथें बराच यशस्वी होत आहे. आणि सुदैवानें मोठ्या टेकड्या आपल्याला आपल्या लहरीप्रमाणें घडवितां येत नाहींत. शांत स्वभावाच्या बाईचा हा एकच फटकारा; पण एका शतकाच्या उद्यानकलेवर लिहिलेल्या कित्येक ग्रंथांपेक्षां तो अधिक वर्मीं लागणारा आहे.

जूनअखेर घर सुटलें. पुस्तकांत एकंदर २३ कविता निघाल्या, १९ वर्ड्स्वर्थच्या आणि ४ कोलरिजच्या. प्रती छापल्या ५००. पुस्तक बाजारांत येण्यापूर्वींच, सप्टेंबरांत, तिघेंही जर्मनीस गेलीं. त्यानंतर तिघें सरोवरांच्या मुलुखांत पुन्हां शेजारीं राहिलीं, पुन्हां हिंडलीं. पण १८१० सालीं दोघा मित्रांत वितुष्ट आलें आणि तें वरवर मिटलें तरी पहिला जिव्हाळा परत आला नाहीं. कोलरिज १८३४ सालीं वारला. विल्यम राजकवि होऊन, सन्मान भोगून १८५० सालीं गेला. डोरोथीला १८२९ पासून आजारानें घेरलें. पुढें बुद्धीलाही ग्लानि आली. जी बाई दिवसाला दहा-दहा मैल चालत असे तिनें आयुष्याचीं शेवटचीं वीस वर्षें बहुतेक एका घराच्या आंत काढलीं. ती १८५५ सालीं, २५ जानेवारीस वारली.

कोलरिजचें स्टोवी येथील घर १९०९ पासून नॅशनल ट्रस्टच्या ताब्यांत आहे. क्वान्टॉकच्या टेकड्यांस १९५६ सालीं कायद्याचें संरक्षण मिळालें. २००५ सालीं तेथून निघणाऱ्या एका लांब पायवाटेला कोलरिजचें नांवही दिलें गेलें. डोरोथीची वही मात्र राहिली नाहीं. विल्यम नाइट या प्राध्यापकानें ती पाहिली आणि १८९७ सालीं तिच्या इतर रोजनिशांबरोबर छापली. त्यानंतर मूळ हस्तलिखित नाहींसें झालें, आणि आज आपण जें वाचतों तें सर्व नाइटच्या छापील पानांवरून. नाइटनें वहींतला मजकूर जागोजाग गाळला. गाळला तो कां, हें त्यानें प्रस्तावनेंत प्रामाणिकपणें सांगितलें आहे. आज विल्यमचे सदरे दुरुस्त केले, विल्यमनें काटक्या गोळा केल्या, मी अंडीं शोधावयास गेलें, अशा नोंदी सगळ्याच छापण्याचें कारण नाहीं, असें त्याला वाटलें. त्यामुळें त्या वर्षीं आल्फॉक्स्डनच्या आकाशांत कोणत्या रात्रीं चंद्र कसा होता हें आपणांस कळतें. पण त्या शिशिरांत त्या मोठ्या, थंड घरांत किती दिवस चूल पेटविण्यासाठीं रानांत जावें लागलें, आणि रात्रीं परत आल्यावर दिव्यापाशीं बसून तिनें किती सदरे शिवले, हें आतां कळावयास मार्ग नाहीं.